मयत स्टोअरकीपर सकाळी कामावर हजर

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि पाठोपाठ कान गरम होतात. हसू येतं ते त्या कंपनीवर, आणि कान गरम होतात ते माझ्या स्वतःच्या वागण्यामुळे. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या औद्योगिक वसाहतीचा काही भाग माझ्या ठाण्याकडे होता आणि मी तिथला निरीक्षक होतो. चोऱ्या, गेटवरची भांडणं, गोदामातल्या आगी, ही आमची नेहमीची कामं. कॉम्प्युटरचा अर्ज आला की तो वाचायच्या आधीच सायबर शाखेकडे कसा ढकलता येईल, हे मी बघत असे.

सोमवारी सकाळची हजेरी झाली होती, बंदोबस्ताचं वाटप चाललं होतं, तेवढ्यात एक टॉवेल कारखान्याचे मालक आत आले. साठीचे गृहस्थ, घरात तेलुगू बोलणारे, हातमागावरून वर आलेलं घराणं. खुर्चीत बसेपर्यंत दोनदा घरून फोन आला आणि दोन्ही वेळा त्यांनी "वस्तुन्ना, वस्तुन्ना", म्हणजे येतोय, येतोय, म्हणून तो ठेवला.

"साहेब, माझी कंपनी पाडली त्याने."

"कुणी?"

"आमच्या जुन्या डिस्पॅच सुपरवायझरने. महिन्यापूर्वी काढला मी त्याला. आज सकाळी बघतो तर कॉम्प्युटरमध्ये तो परत सुपरवायझर. आणि त्याच्या जागी ज्या मॅनेजरला आणलं, तो कॉम्प्युटरमध्ये नाहीच."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे जन्मालाच आला नाही. त्याचं कार्ड लावलं तर दार उघडत नाही. सकाळपासून रिसेप्शनमध्ये बसलाय. वॉचमनने पाहुण्यांच्या वहीत सही घेतली त्याची."

मला हसू आलं, पण वर्दीत असताना ते दाबायची सवय असते. त्या सुपरवायझरवरच संशय का, असं विचारलं. मालक पुढे सरकले. सुपरवायझर मूळचा मंगळवेढ्याचा. टॉवेल अर्धवट ओले असताना गाडीत भरायला त्याने नकार दिला, शब्दाला शब्द वाढला, मालकांनी त्याला घरी पाठवलं. जाताना तो गेटवर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुमीच मला परत बोलवायला येशीला."

झालं. माणूस काढलेला, तोंडाने धमकी दिलेली, आणि धमकीप्रमाणे घडलेलं. तीसेक वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाला आणखी काय लागतं? मी तिथल्या तिथे मनाशी आरोपी ठरवून टाकला. मालक तर गुन्हा दाखल करूनच घ्या म्हणून हटून बसले होते. मी तूर्त तक्रारी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि सायबर शाखेला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की त्यांच्याकडे कामाचा ढीग आहे आणि असा तपास कायद्याने निरीक्षकालाच करावा लागतो, तेव्हा सुरुवात आपणच करावी. मी फोन आपटला.

ठाण्यात एक महिला शिपाई होती, कॉम्प्युटरचा कोर्स करून भरती झालेली. कंपनीकडे जाताना मी तिला जीपमध्येच विचारलं, हे नक्की काय गेलंय ते मला कळेल असं सांग.

ती म्हणाली, "सर, आपल्या ठाण्याचं हजेरी रजिस्टर समजा. कोण आपला, कुणाची बदली झाली, कुणाकडे शस्त्रागाराची किल्ली, कुणाकडे मुद्देमालाची, सगळं त्यात लिहिलेलं. कंपनीत तसंच एक रजिस्टर एका मोठ्या मशिनमध्ये असतं. सकाळी कुणी आपलं नाव आणि पासवर्ड टाकला की प्रत्येक कॉम्प्युटर त्या मशिनला विचारतो, हा आपलाच का, आणि याला काय काय उघडून द्यायचं. त्यात नाव नसेल तर माणूस समोर उभा असला तरी मशिनच्या लेखी तो नाही."

"आणि हे रजिस्टर जळालं तर?"

"म्हणून त्याची नक्कल काढून ठेवतात सर. त्याला बॅकअप म्हणतात."

एवढं मला कळलं. इतक्या सोप्या भाषेत मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तिच्यावर खूश झालो. तिला तसं बोलून मात्र दाखवलं नाही, ही तेव्हाची माझी खोड.

कंपनीत ते मशिन एका काचेच्या खोलीत होतं. तिथला कॉम्प्युटरवाला पस्तिशीचा, दुधनीचा. घरी कानडी, इथे मराठी. खोलीत एसी असा की मला शिंक आली, आणि हा माणूस रुमालाने मान पुसत होता. पाच मिनिटांत त्याने मला तीन वेळा चहा विचारला.

"काय झालं इथं?"

"सर, बाहेरून अटॅक झाला असंल. नाहीतर मालवेअर. नाहीतर कुणाचंतरी क्रेडेन्शियल लीक झालं असंल. हल्ली लई प्रकार होतात सर, परदेशातून पण होतात."

एका प्रश्नाला चार उत्तरं देणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे मी नव्या पोरांना दरवर्षी शिकवत आलो होतो. ते मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात मंगळवेढा पक्का बसला होता. उलट मीच त्याला म्हणालो, "परदेश बिरदेश सोड. तुमच्या त्या सुपरवायझरने केलंय हे. बरोबर ना?"

त्याने रुमाल खिशात ठेवला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही म्हणता तर असंल सर."

मी लगेच वहीत लिहिलं, संबंधित तंत्रज्ञानेही सुपरवायझरबद्दल संशय व्यक्त केला. आज ते वाक्य वाचलं तर मी स्वतःला एक थोबाडीत मारीन.

तिकडे महिला शिपायाने मशिनमधल्या सकाळच्या नोंदी काढल्या आणि वाचून दाखवायला लागली. सात वाजून दहा मिनिटांनी स्टोअरमधला कॉम्प्युटर अमुक एका नावाने उघडला.

"हा कोण?" मी विचारलं.

"आमचे स्टोअरकीपर," मालक म्हणाले.

"बोलवा त्यांना. जबाब घेतो."

मालकांचा चेहरा उतरला. "साहेब, ते वारले. दीड महिना होत आला. मी स्वतः खांदा दिलाय."

माझ्या मागे उभे असलेले हवालदार जुन्या वळणाचे, त्यांनी तोवर टिपण पूर्ण केलं होतं. ते मी अजून जपून ठेवलंय. त्यात लिहिलं होतं, "सदर इसम मयत असून सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कामावर हजर झाल्याचे दिसून येते."

ते वाचून मालकांनी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. मी मात्र त्यातूनही सुपरवायझरच बाहेर काढला. तो नुसता सूड घेत नाही, तर मेलेल्या माणसाचं नाव वापरून घेतोय, म्हणजे किती बेरकी असेल बघा, असं मी हवालदारांना जीपमध्ये समजावून सांगितलं. ते "व्हय साहेब" म्हणाले. ते नेहमीच व्हय साहेब म्हणत.

मंगळवारी सुपरवायझरला बोलावलं. बीटवरच्या शिपायाने फोनवर फक्त एवढंच सांगितलं की साहेबांनी ठाण्यात बोलावलंय. हा गडी दहाच्या एसटीने आला, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला टिळा, बगलेत प्लास्टिकची फाइल आणि मागे दोन माणसं.

"साहेब, समदं ओरिजिनल आणलंया," तो उभ्यानेच म्हणाला. "झेरॉक्सबी हायती. आन् ह्ये दोन साक्षीदार. ह्यो शेजारचा. ह्यो बी शेजारचाच, पन दुसऱ्या अंगाचा."

"साक्षीदार कशाला?"

"पासपोर्टला लागत्यात की."

तेव्हा उलगडा झाला. कामासाठी तो बायकोसह आमच्याच हद्दीत भाड्याने राहत होता, नोकरी गेल्यावर काही दिवस गावी गेला होता. आखातातल्या एका हॉटेलात टॉवेल आणि चादरींचा साठा सांभाळायचं काम त्याला ठरलं होतं. पासपोर्टच्या अर्जावर आमच्या ठाण्याचा पडताळणी अहवाल जायचा होता आणि तो कागद खरोखरच माझ्या टेबलावर पडून होता. शुक्रवारपर्यंत अहवाल गेला नाही तर ती जागा दुसऱ्या माणसाला देणार, असं एजंटने त्याला बजावलं होतं. या माणसावर गुन्हा नोंदला गेला असता तर पासपोर्ट लटकला असता, आणि पासपोर्ट लटकला की नोकरी गेलीच. हे मला तेव्हाही लख्ख कळत होतं. त्याचा उपयोग मी कसा केला, ते आता सांगतो.

मी आधी सौम्य सुरुवात केली. "तुम्ही सोमवारी सकाळी कुठे होता?"

"गावाकडं. ज्वारीची काढणी चाललीया की."

"कॉम्प्युटर येतो तुम्हाला?"

"हॉटेलवाल्यांनी इचारलं व्हतं. म्या म्हनलं थोडं थोडं येतं."

"कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये तुझं नाव परत कसं आलं?" इथे मी तुम्हीवरून तूवर आलो.

त्याला काही समजेना. मी आवाज चढवून सांगितलं की कालपासून तो त्या कंपनीत पुन्हा डिस्पॅच सुपरवायझर आहे. त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"म्हंजी मालकांनी घेतलं मला परत?"

"मालकांनी नाही. मशिनने."

"आन् त्यो नवा मॅनेजर?"

"तो मशिनमध्ये नाही. काल दिवसभर रिसेप्शनमध्ये बसून होता."

यावर तो हसायला लागला. आधी तोंडावर हात ठेवून, मग खुर्ची धरून. साक्षीदारांना काही माहीत नव्हतं, पण तेही हसायला लागले. दाराबाहेर माझे हवालदारही हसत होते, ते मला काचेतून दिसलं. माझा पारा चढला. मी टेबलावर हात आपटला, त्याच्या पडताळणीचा कागद उचलून त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हणालो, "हास. हा कागद बघितलास? खरं सांगितलं नाहीस तर यावर काय लिहायचं ते मला माहीत आहे."

हसू एका क्षणात थांबलं. त्याने फाइल मांडीवरून उचलून छातीशी धरली.

"साहेब, तेवढं करू नगा," तो म्हणाला. "महिना झाला घरी बसून. बायकोला सांगितलंय, ही जागा मिळाली की तिचं शिवणाचं काम बंद करायचं. माज्या हातनं गुन्हा झाला आसंल तर करा. पन झाला न्हाय वो."

मी त्याला दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. फिरवून फिरवून तेच प्रश्न विचारले, त्याने तीच उत्तरं दिली. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्या वेळेला गोष्ट जरा सुधारून सांगतो. या माणसाची ज्वारी तिन्ही वेळेला तेवढीच होती. हे मला जाणवलं, पण मान्य करायला मन तयार नव्हतं. शेवटी बोलावलं की परत ये म्हणून सोडला. जाताना त्याने मला नमस्कार केला नाही, हे मला लागलं, आणि लागलं म्हणून आणखी राग आला.

बुधवारी सकाळी मालकांचा फोन. गुन्हा दाखल केला का? मी म्हटलं, एक बाजू राहिलीय, मयत माणसाची. सात वाजून दहा मिनिटांनी स्टोअरच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं, आणि ते भूत नव्हतं एवढं मला नक्की माहीत होतं. मी महिला शिपायाला घेऊन थेट स्टोअरमध्ये गेलो.

जुने स्टोअरकीपर गेल्यावर त्यांच्या जागी एक बाई घेतल्या होत्या. मोडनिंबच्या, पन्नाशीच्या, नाकावर चष्मा. सुताचे कोन घ्यायला माणसं रांगेत उभी होती. बाईंनी आम्हालाही रांगेतच उभं केलं. वर्दी बघूनसुद्धा. आमचा नंबर आल्यावर म्हणाल्या, "हां, बोला. चिठ्ठी?"

मी म्हटलं, "मी पोलीस निरीक्षक. चिठ्ठी नाही. सोमवारी सकाळी इथला कॉम्प्युटर मयत माणसाच्या नावाने कुणी उघडला?"

"म्या."

त्या अगदी सहज म्हणाल्या आणि मागच्या माणसाची चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला.

"का?"

"माजं नाव घालतीया तर मशीन म्हणतंया वळखत न्हाय. भायेर दोन शेडची मानसं ताटकळलेली. म्हनलं जुन्या दादांचं नाव घालून बघू. त्यांनी पासवर्ड वहीच्या पुठ्ठ्याला आतनं लिवून ठिवला व्हता. घातलं, उघडलं. सूत वाटलं. कामावर आल्यावर काम थांबवायचं व्हय?"

"मग दोन दिवस हे सांगितलं का नाही?"

"मला कुणी इचारलंच न्हाय की. तुमी समदी त्या काचंच्या खोलीत जाऊन बसलाव."

महिला शिपाई खाली बघायला लागली. मी घसा साफ केला. बाईंचं नाव मशिनमध्ये नाही, कारण त्या महिन्याभरापूर्वी लागल्या. नवा मॅनेजर नाही, तोही नवाच. सुपरवायझर आहे, कारण दीड महिन्यापूर्वी तो नोकरीत होता. जुने स्टोअरकीपर हजर, कारण तेव्हा ते हयात होते. हे कुणा एकाचं नाव घुसडलेलं नव्हतं. सगळं रजिस्टरच दीड महिना जुनं होतं. कुणीतरी जुनी नक्कल बाहेर काढून अस्सल म्हणून ठेवली होती.

मला एकदम मुद्देमालाची खोली आठवली. कुठलीही वस्तू आपोआप बाहेर येत नाही. कुणीतरी मागतो, कुणीतरी देतो, आणि देणारा शहाणा असेल तर सही घेतो.

"बाई, ती बॅकअपची जी काही वस्तू असते, ती कुठे असते?"

"ती डबी व्हय? हितंच की. स्टोअरातच."

त्या कंपनीत मालकांचा एक कडक नियम होता. सुईपासून मोटरपर्यंत किमती वस्तू कुणाच्या टेबलावर राहायची नाही, स्टोअरात जमा व्हायची आणि विभागप्रमुखाच्या सहीच्या चिठ्ठीवरच बाहेर यायची. बॅकअपची डिस्कही स्टोअरात. जुने स्टोअरकीपर दर शनिवारी ती कॉम्प्युटरवाल्याच्या हातात ठेवत आणि काम झालं की परत घेत, चिठ्ठी बिठ्ठी काही नाही. बाईंनी आल्या आल्या चिठ्ठी मागितली. कॉम्प्युटरवाल्याच्या विभागात तो एकटाच, त्याचे प्रमुख म्हणजे खुद्द मालक. तो सहीला गेला तर मालक म्हणाले, "दर आठवड्याला तीच डबी काय मागतोस? एकदा नक्कल काढली ना? झालं की." सही मिळाली नाही. डिस्क कपाटातच राहिली. शेवटची नक्कल जुन्या स्टोअरकीपरांनी दिलेल्या शेवटच्या शनिवारची.

"मग ती आता कधी बाहेर गेली?"

बाईंनी जाडजूड वही उघडली, बोट खाली फिरवलं आणि वही माझ्याकडे वळवली. रविवारची नोंद. सुताची गाडी उतरवायची म्हणून त्या दिवशी स्टोअर उघडं होतं. वस्तू, बॅकअपची डबी, नग एक. घेणार, कॉम्प्युटरवाला, सही. मालकाच्या सहीची जागा रिकामी. आणि कारणाच्या रकान्यात त्याच्याच हस्ताक्षरात लिहिलेलं होतं, "शनिवारी माझ्या हातून शेड दोनची सगळी नावे चुकून पुसली गेली, ती परत आणण्यासाठी."

मी ते दोनदा वाचलं. महिला शिपायाने मोबाइलवर फोटो काढला.

"हे त्याने स्वतःहून लिहिलं?"

"छ्या. आधी नुसतं 'काम' असं लिवलं व्हतं. म्या म्हनलं, मालकाची सही न्हाय, तर कारण तरी खरं लिवा. न्हायतर डबी मिळायची न्हाय. तवा लिवलं. लई घाम आला व्हता त्येला, म्या पानी दिलं."

ठाण्यात टेबलावर हात आपटून, कागद नाचवून, माणसाला चार तास बाकावर बसवून मला जे मिळालं नाही, ते या बाईंनी पाणी पाजून घेतलं होतं. वर ते वहीत लावून ठेवलं होतं, तारखेसकट.

काचेच्या खोलीत गेलो. वही मी टेबलावर उघडून ठेवली. कॉम्प्युटरवाला ती बघून खालीच बसला, फरशीवर.

"अय्यो," तो म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला.

मग सगळं धडाधड बाहेर आलं. शनिवारी तो जुनी नावं साफ करत होता आणि एका फटक्यात शेड दोनची सगळी माणसं उडाली. रविवारी डिस्क मिळवली आणि परत भरताना फक्त शेड दोन भरायच्या ऐवजी सगळंच भरलं. आमच्या भाषेत सांगायचं तर रजिस्टरचं एक पान फाटलं होतं, आणि याने चालू रजिस्टर फेकून दीड महिन्यापूर्वीचं आणून ठेवलं. शेड दोनची माणसं परत आली, त्यांच्यासोबत बाकी सगळंही परत आलं.

"मग तेव्हाच मालकांना का नाही सांगितलंस?"

"सर, मालक म्हणाले होते, आणखी एक चूक झाली तर दुसरा माणूस बघतो. सोमवारी मी सांगणारच होतो. खरंच सर. पण तुम्हीच आलात आणि म्हणालात सुपरवायझरने केलं. मला वाटलं, पोलीस एवढं खात्रीने सांगतात, तर जाऊ दे."

"त्या माणसाचा पासपोर्ट अडलाय माझ्याकडे. शुक्रवारी त्याची नोकरी जाईल. माहीत होतं?"

"नाही सर," तो म्हणाला. "हे कुणीच नाही सांगितलं."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. पळवाट याने शोधली नव्हती, मी ती सोमवारी सकाळी त्याच्या हातात दिली होती.

मालकांना बोलावून वही दाखवली. ते आधी कॉम्प्युटरवाल्यावर धावले, याला आत्ताच्या आत्ता काढतो म्हणून. स्टोअरच्या बाई वही परत न्यायला मागोमाग आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "काढा की. पन चिठ्ठीवर सही तुमी दिली न्हाय, ते बी लिवावं लागंल मला." मालक थांबले. घरून फोन आला. "वस्तुन्ना" म्हणायचंही त्यांना सुचलं नाही, नुसताच बंद केला. कॉम्प्युटरवाला राहिला. गेटवरच्या हजेरीवरून आणि बाईंच्या वहीवरून नव्या माणसांची नावं एकेक करून परत भरली. माझी महिला शिपाई वाचून दाखवत होती, तो भरत होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास नवे मॅनेजर कंपनीत पुन्हा जन्माला आले आणि त्यांचं दार उघडलं. मालकांनी अर्ज मागे घेतला, मी तो दप्तरी दाखल केला. डिस्कची चिठ्ठी आता दर शनिवारी मालकांकडे जाते आणि ते निमूट सही करतात, असं नंतर कळलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. कॉम्प्युटर तर काहीच शिकलो नाही, आजही नातीला विचारल्याशिवाय मला फोटो पाठवता येत नाही. शिकलो ते माझ्या आवाजाबद्दल. वरच्या खुर्चीतल्या माणसाने मोठ्याने एक नाव घेतलं की खोलीतले बाकीचे सगळे गप्प बसतात, आणि ती शांतता म्हणजे पुरावा असं आम्ही समजतो. नोकरीत अशी किती नावं मी मोठ्याने घेतली असतील, या विचाराने मला नंतर कित्येक दिवस अन्न गोड लागलं नाही.

गुरुवारी सुपरवायझरला परत बोलावलं. तो येण्याआधीच त्याचा पडताळणी अहवाल मी 'हरकत नाही' म्हणून पाठवून दिला होता. या वेळी तो एकटाच आला, साक्षीदार नव्हते, शर्टही इस्त्रीचा नव्हता. मी उभा राहिलो. "बसा. तुमचा अहवाल गेला. आणि माझं चुकलं," असं त्याला सांगितलं. गुन्हेगार समजून बसवलेल्या माणसाला हे शब्द मी नोकरीत पहिल्यांदा म्हटले, म्हणून ते नीट जमलेही नाहीत. त्याने फाइल टेबलावर ठेवली.

मग म्हणाला, "साहेब, त्या मशिनीत माजं नाव आजून हाय का?"

मी म्हटलं, असेल, नवी नावं भरली, जुनी काढायची बहुतेक राहिली.

"मग तेवढं काढाया सांगा. उद्या तिकडं काय मोडलं तर परत मलाच बोलवशीला."

मी त्याच्यासमोरच कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडे टकटक आवाज झाला, मग तो म्हणाला, "काढलं सर. आणि दादा, ऐकताय का? माफ करा."

सुपरवायझरने फोनकडे बघून मान डोलावली. फाइल उचलली, जायला उठला, आणि मला नमस्कार केला.

"पयल्यांदा नाव काढलं, तवा चार दिस जेवलो न्हवतो साहेब," तो म्हणाला. "आज काढलं, तर लई बरं वाटलं."